टेटनंतर उरलेला बान्ह चुंग कुरकुरीत कसा परतावा? (रीत आणि चर्चा)

तळ्याकाठी (हनोई)

नमस्कार. यंदा टेट, म्हणजे व्हिएतनामी चांद्र नववर्ष, १७ फेब्रुवारीला झाले. आता हनोईतल्या बहुतेक घरांच्या फ्रीजमध्ये हिरव्या पानांत बांधलेले एकदोन चौकोनी ठोकळे पडून आहेत. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींनाही शेजाऱ्यांकडून किंवा घरमालकिणीकडून बान्ह चुंग हमखास भेट मिळतो, आणि तो बहुधा जोडीने मिळतो. पहिला तुकडा कौतुकाने खाल्ला जातो. उरलेल्याचे करायचे काय, हा प्रश्न मात्र दर वर्षी कोणी ना कोणी विचारतो. त्याचे उत्तर एकाच ठिकाणी सविस्तर लिहून ठेवावे, म्हणून हा धागा काढला आहे.

ज्यांनी हा पदार्थ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चिकट तांदूळ, त्याच्या आत वाफवून कुस्करलेली मूगडाळ, डाळीच्या पोटात मिरपूड लावलेले डुकराचे चरबीदार मांस, आणि हे सगळे झोंग नावाच्या झाडाच्या रुंद पानांत चौकोनी बांधून आठ ते बारा तास उकळलेले, असा हा पदार्थ आहे. उकळून झाल्यावर पुडके थंड पाण्याने धुतात आणि फळीखाली वजन ठेवून काही तास दाबून ठेवतात, म्हणजे जादा पाणी निघून जाते आणि ठोकळा घट्ट बसतो. हनोईजवळच्या त्रान्ह खुक या गावात वर्षभर हाच उद्योग चालतो. थाय न्गुएन प्रांतातल्या बो दाउचेही नाव आहे. लांग लिएउ राजपुत्राने वडिलांना, म्हणजे हुंग राजाला, पृथ्वीचे प्रतीक म्हणून हा चौकोनी पदार्थ अर्पण केला, ही कथा सर्वत्र वाचायला मिळते, म्हणून ती इथे लांबवत नाही.

उरतो का, तर पूर्वजांच्या देव्हाऱ्यावर ठेवलेला बान्ह चुंग टेटच्या पहिल्या काही दिवसांत पूर्वजांची पाठवणी झाल्यावरच खाली उतरतो, आणि तोपर्यंत घरातल्या सगळ्यांचे पोट भरलेले असते. सणात बाजार बंद असत तेव्हा पुरवठ्याला यावा असाच हा टिकाऊ पदार्थ आहे. पण दोनतीन दिवसांत, विशेषतः फ्रीजमध्ये, भात कडक आणि करकरीत होतो, दातांखाली कच्चट लागतो. तेव्हा त्याला तव्यावर घ्यायचे. याला बान्ह चुंग रान म्हणतात. दक्षिणेत रानऐवजी चिएन म्हणतात.

आता रीत. आधी तो कापायचा कसा, कारण सुरी त्यात रुतून बसते आणि धारेला भाताचा लगदा चिकटतो. पुडके बांबूच्या ज्या लवचिक पट्ट्यांनी बांधलेले असते त्या सोडवाव्यात आणि उभ्या चिरून पातळ कराव्यात. वरची पाने काढून उघड्या भातावर त्यातल्या चार पट्ट्या अशा मांडाव्यात की दोन उभ्याआडव्या जातील, दोन कोपऱ्यातून कोपऱ्यात जातील आणि चारही मध्यावर एकमेकींना ओलांडतील. त्यावर ताटली पालथी ठेवून सगळे उलटे करावे, आता वर आलेल्या बाजूची पाने सोलावीत आणि एकेका पट्टीची दोन टोके वर उचलून विरुद्ध दिशांना ओढावीत. पट्टी भातातून, डाळीतून आणि मांसातून सरळ वर येते आणि आठ त्रिकोणी तुकडे पडतात. पट्ट्या तुटल्या असतील तर जाड शिवणदोरा चालतो.

परतण्यासाठी दोन त्रिकोण, म्हणजे साधारण पाव बान्ह चुंग, दोघांना पुरतो. नॉनस्टिक पॅनमध्ये तुकडे ठेवून त्यांवर चारपाच चमचे पाणी घालावे, झाकण ठेवावे आणि मंद आचेवर पाचसहा मिनिटे वाफ येऊ द्यावी. सुरुवातीला तेल अजिबात घालू नये. वाफेने भात मऊ झाला की कालथ्याच्या पाठीने तुकडे दाबून एकमेकांत मिसळावेत आणि पॅनभर सुमारे एक सेंटीमीटर जाडीची चकती करावी. मांसाचे तुकडे मोठे असतील तर ते कालथ्याच्या कडेने तोडून सगळीकडे पसरावेत. एका जागी राहिले तर तिथे चकती उलटताना फाटते. पाणी आटले की आवाज बदलतो, बुडबुड थांबून चरचर सुरू होते. मग कडेने चमचाभर तेल सोडायचे, पॅन गोल फिरवायचा आणि पुढची सहा ते आठ मिनिटे काहीही न हलवता वाट पाहायची. थालीपीठ लावणाऱ्या कोणालाही हे वेगळे शिकवावे लागणार नाही. कडा तांबूस होऊन चकती पॅनमध्ये आपोआप सरकू लागली की ताटलीवर घेऊन उलटावी आणि दुसरी बाजू तशीच खरपूस करावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ताजा, मऊ बान्ह चुंग परतायला घेऊ नका. तो तेल पितो, पसरतो, चिकटतो आणि शेवटी त्याची खीर होते. परतण्यासाठी शिळाच बान्ह चुंग लागतो. निदान रात्रभर तरी थंडीत कडक झालेला हवा.

---

मुगाचीडाळ (पुणे)

फार नेटके लिहिले आहे. माझा मुलगा हनोईत शिकतो आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. मांस नसलेला प्रकार मिळतो का, आणि तो असाच परतता येतो का?

---

तळ्याकाठी (हनोई)

ताई, मिळतो. त्याला बान्ह चुंग चाय म्हणतात; चाय म्हणजे शाकाहारी. बौद्ध घरांमध्ये अमावास्या-पौर्णिमेला आणि टेटच्या पहिल्या दिवशी शाकाहार पाळण्याची पद्धत आहे, त्यामुळे पॅगोडांच्या आसपासच्या आणि शाकाहारी दुकानांतून तो सणात सहज मिळतो. आत मूगडाळ असते, कधी अळंबी, कधी कमळबिया. मात्र विकत घेताना "चाय" आहे ना, एवढेच विचारून थांबू नये. फिश सॉस आणि चरबी घातलेली नाही ना, हेही विचारावे. साखर घातलेला गोड प्रकारही असतो. त्यात मांस नसले तरी डाळीत चरबी असू शकते.

परतताना फरक असा पडतो की मांसाच्या चरबीमुळे जो ओलावा आणि स्निग्धपणा मिळतो तो यात नसतो. म्हणून तेल थोडे अधिक लागते आणि चकती थोडी पातळ ठेवावी लागते. गोड प्रकार मात्र डोळ्यात तेल घालून परतावा, कारण साखर क्षणात करपते.

---

पश्चिमकिनारा (सान होजे)

आमच्या सान होजेमध्ये व्हिएतनामी वस्ती अमेरिकेतल्या कोणत्याही दुसऱ्या शहरापेक्षा मोठी आहे. त्यामुळे जानेवारीपासूनच दुकानांत बान्ह चुंगचे आणि त्याच्या लांबट भावंडाचे, म्हणजे बान्ह टेटचे, ढीग लागतात, आणि माझ्यासारख्या कोल्हापूरच्या माणसालाही ते खाण्याचे व्यसन लागते. झोंगची पाने इथे गोठवलेली मिळतात, तरी अनेक ठिकाणी केळीचीच पाने वापरतात. केळीच्या पानाचा भात जरा फिकट हिरवा दिसतो.

तळ्याकाठी यांच्या रीतीशी मी एका मुद्द्यावर असहमत आहे. कुस्करून चकती करणे म्हणजे आठदहा तास खपून रचलेले थर मोडून टाकणे होय. बाहेर भात, मध्ये पिवळी डाळ, आत मांस, हा क्रमच बान्ह चुंगची शोभा आहे. मी फ्रीजमधून काढलेला थंडगार बान्ह चुंग एकदीड सेंटीमीटर जाडीच्या कापांत कापतो, पॅनमध्ये तीनचार चमचे तेल तापवून काप एकमेकांना न लावता ठेवतो, आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजू तांबूस करतो. पाणी नाही, झाकण नाही. बाहेर काचेसारखे कवच आणि आत मऊ भात, शिवाय ताटात थर दिसतात. पाहुण्यांसमोर मांडायचे तर हाच मार्ग.

---

तळ्याकाठी (हनोई)

पाहुण्यांसमोर मांडण्याबाबत तुमचे म्हणणे मान्य. पण कापाच्या मध्ये भात गरम व्हायला वेळ लागतो आणि तोवर बाहेरचे कवच कडू होण्याच्या बेतात येते. हनोईत हिवाळ्याच्या संध्याकाळी रस्त्याकडेला बान्ह चुंग रान विकणाऱ्या बाया मुळात लहान आकाराचे बान्ह चुंगच घेतात, म्हणजे हा प्रश्नच उद्भवत नाही. घरचा मोठा ठोकळा असेल तर मला चकतीच बरी वाटते. शिवाय चकतीत कुरकुरीत पृष्ठभाग किती वाढतो ते पाहा. कापाला फक्त दोन सपाट बाजू मिळतात. चकतीत डाळीचे आणि मांसाचे कणही थेट पॅनला टेकतात आणि भाजतात. भाजलेल्या मूगडाळीचा तो खमंग वास कापात येत नाही.

---

पिष्टपेषण (मुंबई)

माझे काम धान्यातील पिष्टाशी, म्हणजे स्टार्चशी, संबंधित आहे, आणि टोपणनाव मी त्याच कारणासाठी घेतले आहे. दोघांच्या वादात थोडे शास्त्र घालतो.

तांदळाच्या पिष्टात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या बासमतीत अमायलोज साधारण २० ते २५ टक्के असते. चिकट तांदळात ते जवळजवळ नसतेच, फार तर एकदोन टक्के. बहुतेक सगळे अमायलोपेक्टिन, म्हणून शिजल्यावर दाणे एकमेकांना धरून बसतात. (चिकट म्हटले तरी त्यात ग्लुटेन नसते, गव्हाची ॲलर्जी असलेल्यांनी निर्धास्त राहावे.)

शिजताना पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची आतली बांधणी सुटते. थंड झाल्यावर अमायलोपेक्टिनच्या फांद्या हळूहळू पुन्हा एकमेकींना लागून स्फटिकासारख्या रचनेत बसतात आणि पाणी बाहेर ढकलले जाते. हाच कडकपणा. ही क्रिया शून्य ते चार-पाच अंश सेल्सिअसला, म्हणजे नेमकी फ्रीजच्या तापमानाला, सर्वांत वेगाने होते. म्हणून बाहेर ठेवलेल्यापेक्षा फ्रीजमधला बान्ह चुंग लवकर कडक होतो. उणे १८ अंशांना ती जवळजवळ थांबते. चांगली गोष्ट अशी की अमायलोपेक्टिनची ही रचना ५० ते ६० अंशांच्या आसपास पुन्हा विरघळते. त्यामुळे वाफेच्या पाचसहा मिनिटांत भात परत मऊ होतो. त्यासाठी उकळण्याची गरज नाही.

आता कुरकुरीतपणा. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग व खमंग वास येण्यासाठी साधारण १४० अंश तरी लागतात. म्हणजे पाणी पूर्ण उडून जाणे ही पहिली अट आहे. मग आधी मुद्दाम पाणी घालायचेच कशाला, असे कोणी विचारेल. तर त्या पाण्याने दोन कामे होतात. आतला भात वेळेत मऊ होतो, आणि पृष्ठभागावरचे थोडे पिष्ट पाण्यात उतरून पॅनच्या तळाशी पातळ खळीसारखे पसरते. पाणी उडाले की त्या खळीचा जाळीदार पापुद्रा होतो, आणि चकतीच्या कडेला जी कुरकुरीत झालर दिसते ती हीच.

पश्चिमकिनारा यांच्या कापात हा पापुद्रा येणार नाही. तिथे कवच भाताच्या दाण्यांचेच होते, म्हणून ते जाड आणि टणक असते. दोन्ही पदार्थ मुळात वेगळे आहेत. मला विचाराल तर काप थंड खायला आणि चकती गरम खायला चांगली.

आणि ताजा बान्ह चुंग का चालत नाही? त्यात ते स्फटिक अजून बनलेले नसतात, भात आधीच मऊ आणि ओला असतो. पॅनला टेकताच तो दाबला जाऊन धातूला बिलगतो आणि पाणी उडण्याआधीच चिकटून बसतो. कडक झालेला भात आकार धरतो आणि त्याचा पृष्ठभाग कोरडा असतो. त्यामुळे शिळाच घ्या, हे तळ्याकाठी यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे.

---

पश्चिमकिनारा (सान होजे)

पिष्टपेषण, मनापासून आभार. झालरीसाठी पाण्याची रीत करून पाहीन. पण पाहुण्यांना काप.

---

मेकाँगवासी (हो ची मिन्ह सिटी)

उत्तरेकडच्या मंडळींनी सगळा धागा व्यापला आहे, म्हणून दक्षिणेची बाजू मांडते. मध्य आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये चौकोनी बान्ह चुंगपेक्षा लांब, नळकांड्यासारखा बान्ह टेट प्रचलित आहे, आणि तो केळीच्या पानांत बांधतात. परतण्याच्या दृष्टीने त्याचा आकार फार सोयीचा आहे. दोऱ्याने गोल काप पाडायचे की झाले. प्रत्येक कापात बाहेर भाताचे कडे, आत डाळीचे कडे आणि मधोमध मांस येते. दोरा कापायच्या जागी एक वेढा घालून दोन्ही टोके ओढायची. सुरी लागतच नाही.

इथे प्रकारही बरेच आहेत. त्रा विन्हच्या त्रा कुओनचा बान्ह टेट प्रसिद्ध आहे. त्यातल्या रंगीत प्रकाराचा भात गाकच्या फळाने लाल, काम नावाच्या पानांनी जांभळा आणि हिरव्या पानांच्या रसाने हिरवा केलेला असतो. जांभळा बान्ह टेट कान थोमध्ये विशेष मिळतो. परतल्यावर हे रंग थोडे मावळतात, पण जांभळ्या भाताच्या कडेवर आलेला तांबूसपणा फार सुंदर दिसतो.

माझा सगळ्यांत आवडता प्रकार केळ्याचा आहे. बान्ह टेट चुओइमध्ये मांसाऐवजी पिकलेले केळे असते आणि तांदूळ नारळाच्या दुधात परतून घेतलेला असतो. तासन् तास उकळल्यावर ते केळे गुलाबी-लाल होते. याचे काप परतताना आच अगदी मंद ठेवावी, कारण केळ्यातली साखर आणि नारळाची चरबी दोन्ही लवकर रंग धरतात. तेल नावापुरते पुरते; नारळाचे तेल आपोआप सुटते. मुगाचीडाळ ताई, तुमच्या मुलाला दक्षिणेत कधी येणे झाले तर हा शाकाहारी प्रकार जरूर खायला सांगा. काही जणी त्यात काळी चवळी घालतात.

इथे आम्ही काप थोडे जास्त तेलात, जवळजवळ अर्धे बुडतील इतक्या तेलात तळतो. पाणी घालून वाफवणे आमच्याकडे कमी दिसते. कापात मांसाची चरबी असेल तर ती उडते, म्हणून जाळीचे झाकण जवळ ठेवावे.

---

तळ्याकाठी (हनोई)

चरबीवरून एक युक्ती सांगतो. कापताना निघालेले चरबीचे पांढरे तुकडे वेगळे काढून आधी कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर ठेवले तर त्यांतून पुरेसे तूप सुटते, आणि नंतर तेलाची गरज पडत नाही. मिरपुडीचा वास त्या चरबीत आधीच मुरलेला असतो. हनोईतल्या वयस्क शेजारणी १९८६ पूर्वीच्या शिधापत्रिकांच्या काळाबद्दल बोलतात तेव्हा चरबीचा विषय निघतोच. मांस आणि चरबी तेव्हा शिध्यावर मिळत असे, आणि टेटचा बान्ह चुंग हा वर्षातला चैनीचा घास होता.

---

सावधचित्त (नागपूर)

सगळे चविष्ट आहे, पण कोणी बुरशीबद्दल बोलत नाही. पानाच्या आत कोपऱ्यावर पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर तेवढा भाग कापून बाकीचा खरपूस परतून खावा, असे मला एका व्हिएतनामी सहकाऱ्याने सांगितले होते. हे बरोबर आहे का?

---

पिष्टपेषण (मुंबई)

बरोबर नाही, आणि यात मतभेदाला जागा नाही. मऊ, ओलसर पदार्थात बुरशीचे धागे दिसणाऱ्या ठिपक्याच्या पलीकडे आतवर पसरलेले असतात, आणि काही बुरशींची विषे परतण्याच्या उष्णतेने नष्ट होत नाहीत. ठिपका दिसला की सगळा ठोकळा टाकून द्यावा.

दुसरी गोष्ट बुरशीपेक्षाही दुर्लक्षित राहते. भातात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळल्यावरही तग धरू शकतात. शिजलेला भात उबदार हवेत तासन् तास राहिला तर ते वाढून विष तयार करतात. उलट्या घडवणारे ते विष तळल्यानेही जात नाही. म्हणजे "चांगला खरपूस केला की काही होत नाही" हा समज चुकीचा आहे. आंबूस वास आला, भात चिकट होऊन तार धरू लागला किंवा पानातून पाणी सुटू लागले, तर तो पॅनपर्यंत जाऊच नये.

उत्तरेत टेटच्या सुमारास हवा गार असते म्हणून तिथे बान्ह चुंग बाहेर टांगून ठेवण्याची जुनी पद्धत चालून गेली. हो ची मिन्ह सिटीत त्याच दिवसांत दुपारी तिशीच्या वर पारा असतो, आणि मुंबईत तर तो विचारच नको.

---

तळ्याकाठी (हनोई)

अगदी सहमत. उत्तरेतही टेटनंतर जी रिमझिम सुरू होते, तिच्या दमट हवेत बाहेर ठेवलेला बान्ह चुंग पाहता पाहता खराब होतो. आमच्या घरी पद्धत अशी: न उघडलेला बान्ह चुंग पानासकट फ्रीजमध्ये ठेवतो, उघडलेल्याची कापलेली बाजू पानानेच झाकून वर पातळ प्लास्टिक गुंडाळतो आणि दोनतीन दिवसांत संपवतो. जास्त दिवस ठेवायचा असेल तर आठ तुकडे करून एकेक वेगळा गुंडाळून फ्रीझरमध्ये टाकतो. फ्रीझरमधला तुकडा वितळू न देता थेट पॅनमध्ये घालता येतो. फक्त पाणी दुप्पट घालायचे आणि झाकण दहाबारा मिनिटे ठेवायचे.

---

ओटाआणिमी (बंगळूर)

एअर फ्रायरमध्ये करून पाहिले आहे का कोणी? तेल टाळायचे आहे.

---

पश्चिमकिनारा (सान होजे)

केले आहे. १८० अंशांना, कापांना दोन्ही बाजूंनी तेलाचे बोट लावून, मध्येच एकदा उलटून, बारा-पंधरा मिनिटे. बाहेरचा भात कुरकुरीत होण्यापेक्षा वाळतो आणि थंड झाला की चामड्यासारखा चिवट होतो. लगेच खाणार असाल तर ठीक आहे. तेल टाळण्यासाठी तळ्याकाठी यांची पाण्याची रीतच जास्त बरी वाटते, कारण मांसाचा बान्ह चुंग असेल तर त्यातली चरबीच पुरते.

---

ओटाआणिमी (बंगळूर)

धन्यवाद. आणखी एक विचारते. इथे बान्ह चुंग मिळत नाही. चिकट तांदळाऐवजी इंद्रायणी घेऊन घरीच छोटा बान्ह चुंग केला आणि दुसऱ्या दिवशी परतला तर?

---

पिष्टपेषण (मुंबई)

इंद्रायणी शिजल्यावर चिकट लागतो, पण तो या अर्थाने चिकट तांदूळ नाही. त्यात अमायलोज पुरेसे असते. त्याचा ठोकळा थंड झाल्यावर रवाळ आणि ठिसूळ होईल, आणि कुस्करल्यावर चकती एकसंध न राहता भात मोकळा होईल. फोडणीचा भात उत्तम होईल, बान्ह चुंग रान होणार नाही. त्याऐवजी आसामचा बोरा तांदूळ मिळाला तर घ्या. तो खऱ्या अर्थाने चिकट आहे आणि ईशान्येकडच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत मिळू शकतो. थायलंडचा चिकट तांदूळही चालेल. किमान आठ तास भिजवा. पाने केळीची घ्या, विस्तवावरून फिरवून मऊ करा म्हणजे दुमडताना फाटणार नाहीत.

छोटा केलात तर उकळण्याचा वेळ कमी लागेल, पण पुडके सतत पाण्याखाली राहिले पाहिजे. पाणी कमी झाले की उकळतेच पाणी घालायचे, गार घातले तर भात मध्ये कच्चा राहतो. आणि दाबायला विसरू नका. न दाबलेल्या ठोकळ्यात पोकळ्या राहतात आणि परतताना तिथून तो उसवतो.

---

मुगाचीडाळ (पुणे)

मुलाने चाय प्रकार परतून फोटो पाठवला आहे. झालर छान आली आहे! त्याचा प्रश्न असा की यासोबत खायचे काय? नुसते खाल्ले की दोन घासांत जड वाटते म्हणतो.

---

तळ्याकाठी (हनोई)

वाटणारच. यासोबत आंबट काहीतरी असल्याशिवाय हे जेवण पुरे होत नाही. उत्तरेत लहान कांदे मिठाच्या पाण्यात आंबवून केलेले झुआ हान्ह असते. टेटच्या खुणा सांगणाऱ्या जुन्या दोन ओळींत चरबीदार मांस, हे आंबवलेले कांदे आणि हिरवा बान्ह चुंग यांची नावे एकत्रच येतात, इतकी ती जोडी पक्की आहे. रस्त्यावरच्या गाडीवर कच्च्या पपईच्या आंबटगोड फोडी आणि तिखट लाल मिरची सॉस देतात. मुलाला बाजारातून झुआ हान्हची छोटी बरणी आणायला सांगा. ते शाकाहारीच असते, तरी बरणीवरचे घटक वाचून घ्यावेत.

---

मेकाँगवासी (हो ची मिन्ह सिटी)

मध्य भागात याच जागी झुआ मोन खातात. गाजर, मुळा आणि कच्ची पपई उन्हात सुकवून साखर घातलेल्या फिश सॉसमध्ये मुरवतात, म्हणून ताई, ते तुमच्यासाठी नाही. दक्षिणेत कू किएउ, म्हणजे लसणासारख्या दिसणाऱ्या छोट्या पांढऱ्या कांद्याचे आंबटगोड लोणचे असते, आणि ते साखर, मीठ व व्हिनेगरमध्येच मुरवलेले असते. तळलेल्या बान्ह टेटच्या कापावर एकदोन किएउ ठेवून एका घासात खायचे.

---

सावधचित्त (नागपूर)

एक शेवटचे विचारतो. परतलेली चकती उरली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा परतता येते का?

---

तळ्याकाठी (हनोई)

येते, पण तिने आधीच तेल प्यायलेले असते, म्हणून पुन्हा तेल घालू नये. दोन चमचे पाणी, झाकण आणि मग कोरडी आच, एवढेच पुरते. झालर मात्र परत येत नाही. त्यापेक्षा एका वेळी खाल्ले जाईल इतकेच तुकडे पॅनमध्ये घ्यावेत आणि बाकीचे पानातच राहू द्यावेत.